दादाने पाठवलेलं कपाट

पोलादपूरला आमचं घर हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्यामुळे घरातली कामं घड्याळापेक्षा गाड्यांवर चालायची. घाट उतरून आलेल्या ट्रकचे ब्रेक किंचाळायला लागले की आई तांदूळ धुवायला घ्यायची, आणि मुंबईची एस.टी. स्टँडकडे वळताना भोंगा द्यायची तेव्हा पहिली भाकरी तव्यावर असायची. दोन खोल्या, शेणाने सारवलेली जमीन, समोरच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर. तिच्यापुढे संध्याकाळी आम्ही बसायचो आणि बाबा त्यांच्या शाळामास्तरी आवाजात त्रिसरण, पंचशील म्हणायचे. बाबा जवळच्या कापडे गावच्या शाळेत शिक्षक होते. आई महाडजवळच्या साव गावच्या बाजूची. माहेरची बोली तिने कधी टाकली नाही. बाबा शाळेतल्या पोरांना 'हाय' नव्हे 'आहे' म्हणून दटावायचे, पण घरात आई 'नाय' म्हणाली की त्यांच्या कानाला ते कधी खुपलं नाही. उलट आई शुद्ध बोलायला गेली तर तेच हसायचे.

दादा माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. त्याचं नाव विलास. आईच्या तोंडी इलास. मॅट्रिकला गणितात गेला आणि पुन्हा बसायच्या ऐवजी मुंबईला निघून गेला. तिथे लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात रंगाच्या खात्यात लागला. त्या वर्षी मे महिन्यात तो रजेवर आला, तो आठवडा मला अजून वासासकट आठवतो. आई जवळ्यात कैरी घालायची, फणसाच्या आठळ्या निखाऱ्यात भाजायची, आणि दादा चुलीपाशी उकिडवा बसून कारखान्याच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या कानामागे आणि नखांच्या कडेला चंदेरी ठिपके होते. आईने ते खोबरेल लावून चोळून काढायचा प्रयत्न केला. "जाऊ दे गं आई," तो म्हणाला, "परत गेलो की परत लागणारच आहेत."

आमच्याकडे लाकडाचं एक जुनं स्टूल होतं. एका दुपारी दादाने ते अंगणात नेलं आणि मला हाक मारली. त्याने सोबत एका डबीत चंदेरी पूड आणली होती आणि बाटलीत वार्निश. आधी काचकागदाने स्टूल घासलं. मग खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळून लांबी केली आणि पत्र्याच्या पट्टीने ती लाकडाच्या रेषारेषांत भरली. "हे खरं काम," तो मला म्हणाला. "रंग कोणीही लावेल. लोखंडाला रेषा नसतात, सुमे. एक रेघ जरी राहिली तरी लाकूड बोललंच." लांबी वाळल्यावर पुन्हा घासलं, राखाडी अस्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी चंदेरी रंग लावून तो ओला असतानाच चिंधीच्या बोळ्याने टिपून घेतला. टिपल्यावर त्याच्यावर हातोडीने ठोकल्यासारखे बारीक खळगे उमटले. कोपऱ्यांत दिव्याची काजळी चोळली. कडेने ड्रॉइंग पिना ठोकल्या आणि त्यांनाही तोच रंग दिला. मी पाहतच राहिले. आई भाकऱ्या आटपून बाहेर आली, स्टूल बघून म्हणाली, "ह्ये लोखंडी कुटनं आनलंस?" आणि जड असेल म्हणून दोन्ही हातांनी जोर लावून उचलायला गेली, तर स्टूल पिसासारखं वर आलं आणि ती मागे मटकन बसली. किती हसलो आम्ही! आईचं तसं हसणं मी पुढे कधी ऐकलं नाही.

जाताना दादा तिला म्हणाला, "पुढच्या खेपेला खरं आणतो, आई. लोखंडाचं कपाट. माझ्या हाताने रंगवलेलं." आमचे कपडे पत्र्याच्या ट्रंकेत असायचे आणि पावसाळ्यात त्यांना बुरशीचा वास यायचा. आई म्हणाली, "आन बाबा. मी कोपरा मोकला ठेवते." आणि खरंच, तो गेल्यावर तिने आतल्या खोलीच्या कोपऱ्यातलं तांदळाचं पिंप हलवून दुसरीकडे ठेवलं.

पाऊस ओसरत आला होता तेव्हा तार आली. कारखान्याला सुट्टी होती म्हणून पोरं समुद्रावर गेली होती. लाट आली आणि तिघांना घेऊन गेली. दोघं किनाऱ्याला लागले, मेलेलेच. दादा लागलाच नाही. बाबा मुंबईला गेले, पोलीस चौकीत बसले, कोळ्यांना विचारत फिरले, आणि शेवटी दादाचा शर्ट, चपला आणि त्याची वळकटी घेऊन परत आले. त्या एवढ्या दिवसांत त्यांचे केस पांढरे झाले असं मी म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. झालं इतकंच की ते दारात आले आणि आत यायचं विसरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आईनेच त्यांच्या हातातली वळकटी घेतली.

"इलास कुठं हाय?" तिने विचारलं.

बाबांनी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सावित्रीच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून पल्याड जानारा पोर त्यो. त्यो बुडनार? तुमी बघितलात बुडताना?"

"नाही."

"मग?"

नंतर जे कोणी भेटायला आले त्यांनाही ती तेच विचारायची. शेजारणी रडायला यायच्या आणि आई त्यांना चहा देऊन पाठवायची. आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात, बाबांनी एकदा तो विषय काढला तेव्हा आईने हातातलं पातेलं जमिनीवर ठेवलं आणि इतक्या शांतपणे "जित्या मानसाचं?" असं विचारलं की बाबा पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

ती रोज स्टँडवर जायला लागली. मुंबईची गाडी यायच्या आधी लुगडं बदलायची, केसांवरून हात फिरवायची आणि जायची. उतरणारं शेवटचं माणूस उतरलं की परत यायची. "आज नाय आला. कपाट आनायला ट्रक भेटत नसंल," असं म्हणत चुलीपाशी बसायची. कंडक्टर तिला ओळखायला लागले. आधी त्यांच्यातला एखादा "नाही आला हो, आई" म्हणायचा, पुढे तेही तोंड फिरवून घ्यायला लागले. आतल्या खोलीचा कोपरा ती रोज स्वतंत्र सारवायची. बाकीची जमीन सुकून तिचे पोपडे निघाले तरी तेवढा चौकोन ओला, हिरवट, नवा असायचा. मी त्याच्यावरून चालत नसे. कोणीच चालत नसे.

आणि तिचं खाणं सुटलं. भाकरी मोडायची, अर्धी झाकून ठेवायची, उरलेल्या अर्धीतले दोन घास खायची. हिवाळ्यात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आत्या येऊन तिला सावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेली. तिथल्या पाण्याने अंगातली पीडा जाते असं लोक म्हणायचे, आणि तिच्या माहेरचंच पाणी ते. आत्याने नंतर मला सांगितलं, "कुंडात बसवली गो तिला, तर मला इचारते, हितनं मुंबयची गाडी दिसते का? मी काय सांगू?" बाबांनी तिला महाडच्या डॉक्टरांकडे नेलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, औषधाने काही होणार नाही. त्यांचं मन कशावर तरी टेकलं पाहिजे. नाहीतर हा पावसाळा त्या काढणार नाहीत."

परत येताना एस.टी.त आई खिडकीशी डोळे मिटून बसली होती. बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सुमे, ते स्टूल विलासने कसं केलं, तुला आठवतं?"

मला सगळं आठवत होतं. त्यांनी काय ठरवलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कापड्याच्या शाळेला नवं लोखंडी कपाट मिळालं होतं आणि जुनं, ऐनाच्या लाकडाचं, व्हरांड्यात पडून होतं. आईने ते कधी पाहिलं नव्हतं. सुट्टीत शाळा बंद. आम्ही दोघांनी ते रंगवायचं, लोखंडाचं करायचं, आणि ओळखीच्या एका ट्रकवाल्याकडून घरी पोचतं करायचं. विलास वाचला, घाईघाईत दुबईला कामावर गेला, जाण्याआधी कपाट पाठवलं, असं सांगायचं. तेव्हा आमच्या बाजूची पोरं दुबईला जात होती, दोन-दोन वर्षं येत नव्हती. "दोन वर्षं मिळाली तर तिचं शरीर भरेल," बाबा म्हणाले. "पुढचं पुढे बघू." बाबांनी आयुष्यात कधी खोटी हजेरीसुद्धा मांडली नव्हती. त्या संध्याकाळी ते पंचशील म्हणायला बसले तेव्हा खोटं न बोलण्याच्या शीलापाशी त्यांचा आवाज खाली गेला, आणि आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

मे महिन्यात रोज सकाळी आम्ही कापड्याला जात होतो. आईला सांगितलं होतं की शाळेची साफसफाई आहे. महाडच्या बाजारातून बाबांनी चंदेरी पूड, वार्निश, टर्पेंटाईन, काचकागद आणि एक चकचकीत मूठ आणली. वर्गातली बाकं भिंतीला लावून आम्ही कपाट मधोमध आडवं घातलं. खिडकीतून खाली करपलेली भातशेतं दिसायची. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायची ती वेळ, त्यामुळे हवेत सगळीकडे धुराचा वास असायचा, आणि आत टर्पेंटाईनचा. आजही कोणाच्या घरी रंगकाम चालू असलं तर मी जिन्यातूनच परत फिरते. माझ्या सुनेला वाटतं मला दम्याचा त्रास आहे. मीही तसंच सांगते.

ऐनाचं लाकूड रेषांनी भरलेलं असतं. लांबी भरायची, वाळवायची, घासायची, की खालून पुन्हा रेघ वर यायची. माझ्या बोटांची सालं गेली. बाबा घासत होते, मी भरत होते. दादाचा शब्द माझ्या डोक्यात बसला होता आणि मी एकही रेघ सोडायला तयार नव्हते. अस्तर चढलं तेव्हा कुठे ते लाकूड गप्प झालं. मग चंदेरी. चिंधीच्या बोळ्याने टिपताना माझा हात आपोआप दादासारखा चालायला लागला, मनगटातून, हलका. काम होत होतं तसतसं मला बरं वाटत होतं, हे मला सांगितलं पाहिजे. मी चौदा वर्षांची होते आणि सुंदर काहीतरी करत होते. आत, फळ्यांच्या मागे, बिजागऱ्यांखाली, सगळीकडे मी रंग पोचवला. खालच्या फळीखाली बाबांनी ओढ्यातले धोंडे चिंध्यांत गुंडाळून ठासून बसवले, म्हणजे उचलताना वजन लागेल.

बाबा मधूनच हात पुसून उठायचे आणि रिकाम्या बाकांसमोर येरझाऱ्या घालत पाठ करायचे. "विलास दुबईला गेला. त्याच्या कारखान्यातला माणूस भेटला मला. तब्येत चांगली आहे." पोरांकडून कविता पाठ करून घ्यावी तसं. एखादा शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा हात वाळला त्या दिवशी आम्ही कपाट उभं केलं. ते खरोखर लोखंडाचं दिसत होतं. बाबा त्याच्याजवळ गेले. मग त्यांनी कपाळ दाराला टेकवलं आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी माणसाचा समजले नाही. मला वाटलं बाहेर जनावर ओरडलं. मुंबईहून आल्यापासून ते रडले नव्हते. आईसमोर रडणं म्हणजे मुलगा मेला असं कबूल करणं होतं, आणि तेवढीही मोकळीक तिने त्यांना ठेवली नव्हती. मी चिंधी हातात धरून उभी राहिले. काही वेळाने त्यांनी कपाळ उचललं आणि रंग निघाला नाही ना, ते पाहिलं.

ट्रक दुपारी आला. कडक ऊन होतं. बाबांनी तीच वेळ ठरवली होती, मुंबईहून सकाळी निघालेला ट्रक त्या सुमाराला पोचतो म्हणून. ड्रायव्हर खाली उतरून ठरल्याप्रमाणे म्हणाला, "भाभी, बम्बईवरनं सामान आलंय. विलास गायकवाडचं घर हेच ना?" आई दारात आली. तिने ट्रककडे पाहिलं, वर दोरखंडाने बांधलेल्या त्या झगमगत्या वस्तूकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उघडला की मला तिच्याकडे बघवेना. "आलं! सुमे, आलं गो!" ती ओरडली. शेजारच्या बायका बाहेर आल्या. हमालांनी कण्हत-कुथत कपाट उतरवलं आणि अंगणात उन्हात ठेवलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी बोलायला सुरुवात केली, "अगं, विलास दुबईला..."

आई ऐकत नव्हती. ती कपाटाजवळ गेली आणि तिने आपला तळहात दारावर ठेवला. मग दुसरा ठेवला. मग गाल टेकवला, आणि तशीच राहिली. बायकांपैकी कोणीतरी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

तिने गाल काढला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती ड्रायव्हरला म्हणाली, "बसा, चा करते." हमालांना पाणी दिलं. सगळ्यांना चहा दिला. बायका गेल्या, ट्रक गेला. मग ती बाबांसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांचा हात धरून तिने तो कपाटावर ठेवला.

"भाजतं का?"

बाबांनी हात तसाच ठेवला.

"मुंबयपासनं उन्हात आलंय म्हनता. लोखंड आसतं तर गालाची कातडी गेली आसती. ह्ये लाकूड हाय."

"अगं, ऐक..."

"लय मेहनत केलीत तुमी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्ही काहीतरी केलं असतं. "सुमीच्या बोटांची सालं गेली, हाताला पानी लावू देत नव्हती, तवाच मला समजायला होवं होतं." मग ती खाली, त्या तापलेल्या अंगणातच बसली. "आजपातुर माझ्या मनात होतं, त्यो येल. तुमी सगले खोटं सांगता, येल. पन जो खराच येनार आसतो, त्याच्यासाठी कोन खोटं करत बसत नाय. म्हंजे तुमाला पक्कं ठावं हाय. त्यो गेला."

बाबा तिच्याजवळ बसले. "गेला," ते म्हणाले. मुंबईहून आल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी तो शब्द तिच्यासमोर उच्चारला आणि तिने तो ऐकून घेतला. ती रडली नाही. उठताना म्हणाली, "रईवारी पुन्यानुमोदन ठेवा."

रविवारी माणसं जमली. कापड्याहून आत्या आली, महाडहून बाबांचे स्नेही आले, आईच्या माहेरची माणसं आली. दादाचा एकच फोटो होता, शाळेतला, त्यात तो डोळे बारीक करून उन्हाकडे बघत होता. आई सगळ्या बायकांच्या पुढे, पाठ ताठ ठेवून बसली. गाथा म्हणताना तिचे ओठ हलत होते. आत्या हंबरडा फोडून रडली तेव्हा आईनेच तिला जवळ घेतलं. लोक म्हणाले, बरं झालं, माउलीने स्वीकारलं एकदाचं. आता सावरेल.

ती सावरली नाही. वाढलं तर जेवायची, आणि पूर्ण जेवायची, पण चव आहे की नाही ते तिच्या तोंडावर कधी दिसायचं नाही. गाडीचा भोंगा वाजला तर मान वर करायची नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पावसाळा तिने काढला. नंतरचा नाही काढला. साधा ताप होता, चार दिवसांचा. डॉक्टर म्हणाले, यातून कोणीही उठलं असतं.

खूप वर्षांनी बाबा महाडला माझ्या घरी होते, शेवटच्या दुखण्यात. एकदा त्यांचे पाय चेपताना, इतक्या वर्षांत आम्ही दोघं जे कधी बोललो नव्हतो, ते मी विचारलं. "बाबा, आपण ते कपाट केलंच नसतं तर?"

त्यांनी विचार केला. प्रश्न नीट समजून घेऊन मग उत्तर द्यायची त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नव्हती.

"तर ती वाट बघत बघत गेली असती," ते म्हणाले. "आपण केलं, म्हणून वाट न बघता गेली. यातलं बरं कोणतं, ते मी रोज ठरवायला बसतो, सुमे. मला येत नाही." आणि त्यांनी पाय जवळ ओढून घेतले, मला आणखी काही करू दिलं नाही.